नर्मदाबाईच्या खानावळीतलं शिवराक पान

मालवण
रविवार, १८ मार्च १९८४

मधू,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो लिहिला आहे असं समज. नको असेल तर परत पाठव, पाकिटावर पत्ता आहे.

तुझी अक्का जाऊन उद्या चार आठवडे होतील. तेराव्याला तू भरल्या पानावरून उठून गेलास, त्याला पंधरा दिवस झाले. ते बरोबर की चूक यावर मी काही लिहिणार नाही. लिहायचं कारण वेगळं आहे. मला भूक लागली आहे.

हसू नकोस. रीत तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण रेडी बंदरावर बार्जेसमध्ये लोखंडाची माती भरता भरता ती माणसाच्या डोक्यातही भरते असं ऐकून आहे. आपल्याकडे बायको गेली की नवऱ्याने मासा सोडायचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोच्या भावाने बाजारातून मासा आणायचा, शिजवून घ्यायचा आणि पहिली तुकडी आपल्या हाताने भावोजीच्या पानात वाढायची. म्हणजे तोंड खारं झालं, दुःखाचे दिवस संपले, माणसाने कामाला लागावं. भाऊ नसेल तर चुलतभाऊ चालतो, तोही नसेल तर गावचा गुरव. पण भाऊ असून आला नाही तर काय करायचं, हे सांगणारा मला अजून कुणी भेटला नाही. आपल्या पूर्वजांना हा प्रसंग सुचलाच नसावा.

तेव्हा मी शिवराक जेवतो, बिनमाशाचं. घरी नाही, घरी चूल पेटवणारी होती ती गेली, आणि मला चहापलीकडे काही येत नाही. धक्क्याकडे जाताना नर्मदाबाईची खानावळ आहे ना, चार टेबलांची, दारात मासे लिहिलेली पाटी असते ती. तिथे दोन्ही वेळ. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "बांगडो की सुरमय?" मी म्हटलं, शिवराक. चारी टेबलांवरचे हात थांबले. एकाने तर तोंडातला काटा काढून मागे वळून पाहिलं.

"भाऊनु, बरां आसा मां?" तिने विचारलं.

म्हटलं, बरं आहे. मेव्हणा येईपर्यंत असंच चालेल.

"खंय आसा तो?"

रेडीला.

"रेडी काय विलायतेत आसा?" असं म्हणून तिने मला काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. ते तिने सोमवारसाठी भिजत घातलं होतं. सोमवारी तिच्याकडे मासा शिजत नाही, सगळं गाव शिवराक असतं. बाकी सहा दिवस मी एकटा.

स्टँडजवळ शाकाहारी हॉटेल आहे, तिथे का जात नाही असं तू विचारशील. तिथे जेवलो तर मी शाकाहारी ठरेन. इथे मी उपाशी ठरतो.

आणि तेराव्याला मी जे बोललो ते रागात बोललो असं तुला वाटत असेल, तर तेही काढून टाक. आठ फेब्रुवारीला, बुधवारी, तू नर्मदाबाईकडूनच शिंपल्यांसकट शिजवलेल्या तिसऱ्यांचा डबा भरून आणलास. कावीळ झालेल्या बाईला, जिला तेलाचा थेंब चालत नव्हता. तिने तो खाल्ला. बारा दिवसांनी ती गेली. एवढंच मी माणसांसमोर सांगितलं. यात राग कुठे आला? हे वेळापत्रक आहे.

मी दिवसभर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत असतो. वेंगुर्ल्याची गाडी साडेदहाला लागते. उतरणाऱ्यांची तोंडं मला खिडकीतून दिसतात.

तुझा भावोजी,
हरिश्चंद्र


मालवण
रविवार, २२ एप्रिल १९८४

मधू,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. "भावोजीनु, माज्या हातान परत कोणाच्या पानात मासो पडाचो नाय." खाली सही. पंधरा पैशांच्या कार्डावर एवढी कोरी जागा सोडून देणारा माणूस मी प्रथमच पाहिला. मीही तुला एका ओळीत उत्तर देणार होतो, पण मला ती ओळ सुचली नाही.

धोंडू गेल्या आठवड्यात रेडीला येऊन गेला. नर्मदाबाईचा नवरा, खानावळीसाठी मासे आणतो तो. परत आल्यावर माझ्या समोरच बायकोला सांगत होता, मी ऐकावं एवढ्या आवाजात:

"मधू डाळभात खाय होतो. बाजूक सगळे पेडवे खातत, आणि हो डाळभात. मी म्हटलंय, काय रे, पोट बिघाडला? मगे एक जण म्हणालो, दोन म्हयने झाले, ह्येना माशाक हात लावूक नाय."

"म्हणजे दोगय शिवराक?" नर्मदाबाई म्हणाली. "एक हयसर, एक थयसर? असा चल्लां तर माजी खानावळ बंद पडात."

लोक हसले. मीही हसलो, न हसणारा माणूस लक्षात राहतो.

तुला वाटेल मला समाधान झालं असेल. झालं. दुपारपर्यंत टिकलं.

त्यानंतर खिडकीत बसल्या बसल्या एक आठवत राहिलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अक्काला नर्मदाबाईकडे जेवायला नेत असे. तुला हे माहीत नसेल. शेजारची सीता म्हणायची, "विमल्या, तुज्या हाताक इतकी चव, आणि तू खानावळीत कित्याक जातंस गो?" अक्का म्हणायची, "चव माका कळता खंय? माज्या हातच्याचो वास घेवन घेवनच पोट भरता." आम्हाला मूल नाही. वीस वर्षं तिने माझ्या एकट्याच्या पानात वाढलं. महिन्यातून एकदा तिच्या पानात दुसऱ्या कुणी वाढलेलं तिला आवडायचं. ती नेहमी तिसऱ्याच मागायची. आणि खाऊन झालेल्या शिंपल्या टाकायची नाही, एकीत एक बसवून ताटाच्या काठाने ओळ लावायची. मी म्हणायचो, घरी नेणार आहेस की काय? ती म्हणायची, आमच्याकडे सगळे असेच करतात.

सगळे म्हणजे तू आणि ती. सासऱ्यांच्या घरात आणखी होतं कोण?

नर्मदाबाई काल म्हणाली, "भाऊनु, मी वाडतंय मासो. विमल्या माका भैणीवारी होती." तिच्या हातात तळलेला सौंदाळा होता. मी पानावर आडवा हात धरला. नियम तो नियम. मी नियमाने चालणारा माणूस आहे हे तुझ्या अक्काइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ये. वाद घालायला ये, हवं तर.

हरिश्चंद्र


मालवण
रविवार, २७ मे १९८४

मधू,

पावसाच्या आधी माडांची आळी करून घ्यावी म्हणून आज शिवाला बोलावलं होतं. अक्का असती तर पंधरा दिवस आधीच करून घेतली असती. मी सकाळचा चहा घेऊन पडवीत बसलो होतो. शिवाने विहिरीकडच्या माडाच्या बुडात तीन-चार फावडी मारली आणि थांबला.

"भाऊनु, ह्या माडाक तिसऱ्यांचा खत कोणी घातल्यान?"

जाऊन पाहिलं. शिंपल्यांचा ढीग. सगळ्या एका जागी, डबा उपडा करावा तशा.

मी म्हटलं, सीता टाकते. तिला कुठेही टाकायची सवय आहे.

"टाकलेलो नाय ह्यो," शिवा म्हणाला. "पुरलेलो आसा." आणि त्याने त्या बाजूला काढून ठेवल्या, फार जपून, जसं काही सापडलं की पोलिसपाटलाला दाखवायचं असतं तसं.

खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकिरड्यावर जातात मधू. त्या कुणी पुरत नाही.

आज एवढंच. हे पत्र मी अडीच वाजल्यापासून लिहितो आहे. आता पाच झाले.

ह.


मालवण
रविवार, १२ ऑगस्ट १९८४

मधू,

काल नारळी पौर्णिमा. दर्यात नारळ पडला, होड्या गेल्या, नर्मदाबाईच्या पाटीवर दोन महिन्यांनी सुक्याऐवजी ताज्या माशांची नावं आली. बाकावर बसायला जागा नव्हती. लोक सणासारखे जेवत होते. त्याच दिवशी राखीही असते. तुझ्या मनगटाची आठवण झाली. मग मला जेवण गेलं नाही.

मागच्या पत्रात जे अर्धं ठेवलं ते आज लिहितो. मधल्या अडीच महिन्यांत मी ते सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा ते इतकं चांगलं लिहिलं गेलं की फाडून टाकलं. आता वाईट लिहितो.

जानेवारीत मी अक्काला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं हे तुला ठाऊक आहे. ती बाहेर बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी कागद पाहिले, मला दाराआड घेतलं. म्हातारा, चांगला माणूस. म्हणाला, "तिका किदें जाय तें खावपाक दी."

मी विचारलं, हवं ते? तेलसुद्धा? म्हणाला, तेल दी. मी विचारलं, मासा? त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी अडाणी नाही. डॉक्टर जेव्हा सगळं बंद करतात तेव्हा त्यांना आशा असते. सगळं उघडून देतात तेव्हा नसते.

बाहेर आलो. ती म्हणाली, "काय म्हणालो दाक्तर?" मी म्हटलं, पथ्य सांगितलंय. कडक. तेल नाही, मासा नाही, मीठ बेताचं. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, बरी होईपर्यंत. तिचा चेहरा उजळला. बरी होणार आहे असं तिला त्यातून कळलं.

परत येताना बांद्याला गाडी थांबली. समोरच्या हॉटेलात बांगडे तळत होते. तिने नाकाने ओढून घेतला तो वास आणि म्हणाली, "एक तुकडो. अर्दो तुमी खावा." मी म्हटलं, बरी झालीस की अख्खा. खिडकीची काच मी लावून घेतली. गाडीत उकडत होतं.

तुला वाटेल मी क्रूर आहे. तेवढं असतं तर बरं होतं. मला वाटत होतं, जोवर पथ्य आहे तोवर ती आजारी आहे. आजारी माणूस बरा होतो. ज्या दिवशी मी तिच्या पानात मासा वाढेन त्या दिवशी ती जाणार आहे असं मी स्वतः बोलल्यासारखं होईल. मला ते बोलायचं नव्हतं. म्हणून मी तिला महिनाभर मुगाचं पाणी पाजलं. अगदी वेळेवर. एक वेळ चुकली नाही. सीता सगळ्यांना सांगायची, नवरा असावा तर असा.

मग तू डबा घेऊन आलास. तू तो तिच्या हातात दिलास, शेवटची गाडी चुकेल म्हणून उभ्या उभ्याच पाणी प्यायलास आणि गेलास. तुझी पावलं पाणंदीत ऐकू येत होती तेव्हाच तिने झाकण उघडलं. खायला नाही. तोंड डब्याजवळ नेऊन बसली नुसती. मी डबा काढून घेऊ लागलो. तिने सोडला नाही. तिच्यात जोर किती उरला होता ते सांगतो: मला दुसरा हात लावावा लागला नाही.

"एक शिंपी तरी चोखाक दिया," म्हणाली.

मी म्हटलं, बरी झालीस की.

तिने माझ्याकडे पाहिलं मधू. तिला त्या क्षणी सगळं कळलं असं मला वाटतं. कारण त्यानंतर बारा दिवसांत तिने एकदाही काही मागितलं नाही. मुगाचं पाणी दिलं की प्यायची. मी विचारायचो, बरं वाटतंय? ती मान हलवायची. माझ्यासाठी हलवायची.

डबा मी माडाच्या बुडात रिकामा केला आणि माती ओढली. डबा घासून नर्मदाबाईला परत दिला. ती म्हणाली, "खाल्ल्यान सगळां?" मी म्हटलं, सगळं. खोटं तिथे सुरू झालं. नर्मदाबाईला आनंद झाला म्हणून मला ते मोठं वाटलं नाही.

तेराव्याला तुमचे काका समोर बसले होते. ते म्हणाले, "गोव्याचो दाक्तर काय म्हणालेलो, ता कोणी सांगूक नाय." सगळे माझ्याकडे वळले. तेवढं एक उत्तर मला द्यायचं नव्हतं. समोर तू जेवत होतास. मी तुझं नाव घेतलं.

तू तिला मारलं नाहीस. तू आणलेलं तिने खाल्लंच नाही. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना मला दिसतं आहे की पहिल्याने तुला श्वास घेता येईल आणि दुसऱ्याने तो पुन्हा अडकेल. पण दोन्ही खरी आहेत आणि मला एकच पाठवता येत नाही.

तू मासे खात जा.

माझ्या पानाचं मी आता काही लिहीत नाही. तू ठरव.

हरिश्चंद्र


मालवण
रविवार, ९ सप्टेंबर १९८४

मधू,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, पण टपालवाल्याला मी महिनाभर चहा पाजतो आहे.

तुला सांगितलं तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण मी बोललो होतो ते चारचौघांत. तुमच्या काकांच्या घरी जाऊन सांगितलं. ते सुपारी कातरत होते, कातरत राहिले. सीतेला सांगितलं. ती म्हणाली, "होवंदे आता," आणि घरात गेली. त्या दिवसापासून माझ्या पडवीत येत नाही. मग नर्मदाबाईकडे, दुपारच्या गर्दीत, सांबाऱ्यात भात कालवता कालवता सांगितलं. तीनच वाक्यं होती. तिच्या तव्यावर सुरमई होती, तिने ती उलटली नाही. एक बाजू जळून गेली. गिऱ्हाइकाने तशीच खाल्ली, तक्रार केली नाही.

रात्री गेलो तर वाटलं हाकलून देईल. तिने पान मांडलं, वाढलं. फक्त बोलली नाही. गेले पंधरा दिवस ती माझ्याशी बोलत नाही, वाढते मात्र वेळेवर. मला ते ओळखीचं वाटतं. मीही असाच वाढत होतो.

खरं सांगून टाकलं की माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांना कुणी असं वाढत नसावं.

ह.


मालवण
सोमवार, १५ ऑक्टोबर १९८४

मधू,

काल तू येऊन गेलास. जे तुझ्यासमोर झालं ते तुला पुन्हा सांगायचं कारण नाही. पण तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहितो. शेवटचंच लिहितो.

साडेदहाच्या गाडीतून तू उतरलास तेव्हा रविवार असूनही मी खिडकीत होतो. एक म्हातारी कुडाळची गाडी विचारत होती. नोकरीत प्रथमच मी म्हटलं, माहीत नाही. तू खिडकीकडे पाहिलं नाहीस. मधल्या दाराने निघून धक्क्याच्या रस्त्याला लागलास. वाळला आहेस. केस कानाशी पांढरे झाले आहेत, ते तुमच्या घरात लवकरच होतात.

मी साडेबाराला आलो. लवकर यायला हवं होतं की उशिरा, मला ठरवता आलं नाही, म्हणून रोजच्या वेळेला आलो. नर्मदाबाईने एकाच टेबलावर दोन ताटं समोरासमोर मांडली होती. दीड महिन्यानंतर ती माझ्याशी बोलली. "इलो तो. हात धुवन येताहा," म्हणाली. तिने लुगडं बदललं होतं. धोंडू सकाळीच खाडीवर जाऊन तिसऱ्या घेऊन आला होता. त्यांना तू येणार हे कसं कळलं, मी विचारलं नाही.

तू आलास. ताट उचललंस आणि पुढच्या टेबलावर नेऊन, माझ्याकडे पाठ करून बसलास. फार लांब नाही. हात मागे केला असतास तर माझ्या पानाला लागला असता.

"तिसऱ्यो आसत?" तू विचारलंस.

"तुज्यासाठीच हाडलेत रे बाबा," ती म्हणाली.

तू जेवायला लागलास. आठ महिने न जेवलेल्या माणसासारखा. पहिली शिंपी तू तोंडाला लावलीस तेव्हा तुझे खांदे वर गेले आणि तसेच राहिले थोडा वेळ. मग खाली आले. मध्ये एकदा थांबून तू कोपराने तोंड पुसलंस, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. तिखटाने असेल. नर्मदाबाईचं तिखट कमी नसतं. तू पुन्हा मागून घेतलंस, आणि भात, आणि परत तिसऱ्या. माझ्या पानात सांबारं निवत होतं. मी जेवत नव्हतो. कान देऊन बसलो होतो. शिंपल्या ताटाच्या काठावर ठेवल्याचा बारीक आवाज येतो, तो मी ऐकत होतो.

एवढं माझ्या पदरात पडलं म्हणायला हरकत नाही. तू मासे खाल्लेस. मी ऑगस्टमध्ये पाकीट पेटीत टाकलं तेव्हा एवढंच मागितलं होतं. पण माणूस पाकिटात जे लिहितो त्यापेक्षा थोडं जास्त मागत असतो, हे तुला कळलं असणारच. तू हात धुऊन परत आलास, माझ्या टेबलाशी थांबलास. मी पान थोडं पुढे सरकवलं. तू पाहिलंस ते. मी सरकवलेलं तू पाहिलंस.

आणि तू मान वळवून म्हणालास, "नर्मदावयनी, ह्यांका शिवराकच वाड."

आवाज चढवून नाही. पंखा बंद कर असं कुणी सांगतं तसं. चप्पल घातलीस आणि गेलास.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. नर्मदाबाई पळी हातात घेऊन उभी होती. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "झिलाचा डोक्या फिरला हा. मी वाडतंय. कोण बघता? वाईच रस्सो तरी."

मी पानावर आडवा हात धरला.

"कित्याक ओ?" ती म्हणाली. "आता तो परत येवचो नाय."

म्हटलं, म्हणूनच.

तिने तुझं ताट उचललं आणि माझ्यासमोर थांबली. मुद्दाम की सहज, ठाऊक नाही. काठाने शिंपल्यांची ओळ होती. एकीत एक बसवलेली, सरळ, शेवटची थोडी बाहेर. अक्काही शेवटची अशीच ठेवायची. मी म्हटलं, हे धुऊ नकोस जरा. ती थांबली तशीच, ताट धरून. मागून कुणीतरी पाणी मागितलं, तेव्हा गेली.

मी तुझ्यावर रागावलो नाही. तू जे केलंस ते नेमकं आहे. ती मागत होती आणि माझ्या हातात होतं. मी मागत होतो आणि तुझ्या हातात होतं. यात तुझं काही चुकलं असं मला कुठेही दिसत नाही, आणि चुका काढण्यात माझा हात कुणी धरलेला नाही.

पत्रं जपून ठेवली असशील तर जाळून टाक. तुमच्या काकांनी विचारलं तर सांग, भावोजी बरे आहेत, दोन्ही वेळ जेवतात.

आज सोमवार. नर्मदाबाईच्या पाटीवर आज एकही मासा नाही. चारी टेबलांवर काळ्या वाटाण्याचं सांबारं, धोंडूच्या पानातसुद्धा. मी मधल्या बाकावर बसून जेवून आलो. कुणी मागे वळून पाहिलं नाही. नवीन माणूस आत आला असता तर त्याला सगळे सारखेच दिसले असते.

उद्या मंगळवार.

हरिश्चंद्र